नारायण पेठेतल्या मंडळींचे आभार

प्रवासवर्णनं लिहिणारा माणूस सदा फिरतीवर, असा लोकांचा समज. प्रत्यक्षात बराचसा काळ पुण्यात घरीच जातो. टिपणं लावायची, बिलं जुळवायची, मुदत टळली की संपादकांचे फोन चुकवायचे. हे सगळं निभतं ते पेठेतल्या काही माणसांमुळे. नावं छापलेली त्यांना आवडायची नाहीत.

पहिले आभार चपला-बूट शिवणाऱ्या काकांचे. हरिश्चंद्रगडावरून आलो तेव्हा बुटाचा तळ जबडा वासून होता. काकांनी जुनं सोल्यूशन खरवडलं, तळ चिकटवला आणि वर मेण लावलेल्या दोऱ्यानं कडेकडेनं टाके घातले. "नुसतं चिकटवून पावसात टिकत नाही," एवढंच बोलले. टाके अजून शाबूत आहेत.

गिरणीवाले दादा, थालिपिठाची भाजणी गव्हावर न घेता हरभऱ्याच्या डाळीवर दळून देता, तेही मी ऐन निघायच्या आदल्या संध्याकाळी डबा आणून आदळला तरी.

वह्यांच्या दुकानातले आजोबा माझ्यासाठी कोऱ्या, बिनरेघी वह्या बाजूला ठेवतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून हात वर करून दाखवलं. इतकं नेमकं वर्णन मला अजून जमलेलं नाही.

इस्त्रीवाले, झेरॉक्सवाले, तुमचेही.

आणि किराणावाल्या काकू, दिवाळी अंकांचं मानधन आलंय. उधारीची वही काढून ठेवा.