वुडवर्डच्या रस्त्यावरून नानांना

रॉयल ओक, मिशिगन
२० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडच्या त्या दांडग्या गाड्या बंद झाल्या म्हणे, खरं का?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. शिवाय तुम्हाला कागदावर वाचायला बरं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बऱ्याच बंद झाल्या, हे खरं. इकडे त्यांना 'मसल कार' म्हणतात: मोठं इंजिन घातलेल्या, जोरात पळणाऱ्या अमेरिकन गाड्या. डॉजच्या चॅलेंजर आणि चार्जर या दोन्ही गाड्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात बनत. डिसेंबर २०२३ मध्ये तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. त्याच महिन्यात आमच्यापासून दीड तासावरच्या लॅन्सिंगला शेव्हरोलेची कॅमेरो थांबली. फोर्डची मस्टँग तेवढी अजून बनते, तीही इथून जवळच फ्लॅट रॉकला. तुम्हाला सांगण्यासारखी गंमत म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली ती त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला. जन्मसालही एकच. कुर्ल्याला तुमच्या प्रीमियर कारखान्याने फियाट ११०० डिलाइट, म्हणजे पद्मिनीचंच आधीचं रूप, काढली १९६४ साली, आणि इथे मस्टँग आणि पाँटिअॅक जीटीओ आल्या त्याही १९६४ साली. तुमच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं. जीटीओचं ३८९ घनइंच, म्हणजे जवळजवळ ६४०० सीसी! एकाच वर्षी जन्मलेल्या गाड्यांत एवढी तफावत, आणि दोन्हींच्या नावाने माणसं सारखीच हळहळतात.

गेल्या शनिवारी इथे वुडवर्ड रस्त्यावरची जत्रा झाली. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिअॅक गावापर्यंत सोळा मैल जुन्या गाड्या नुसत्या सावकाश फिरत असतात. १९९५ मध्ये फर्नडेलला मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे गोळा करायला म्हणून हे सुरू झालं. आता हजारो गाड्या येतात. लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून दिवसभर बसतात, सोबत बर्फाच्या पेटीत खाणंपिणं. आम्हीही बसलो. धाकटीने कानात बोटं घातली ती संध्याकाळपर्यंत काढली नाहीत.

रस्ताही साधा नाही. देशातला सिमेंट काँक्रीटचा पहिला मैल १९०९ साली याच वुडवर्डवर झाला. फोर्डने १९१३ मध्ये जिथे सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात केली, तो हायलंड पार्कचा कारखानाही याच रस्त्याकाठी. आणि साठच्या दशकात रात्रीच्या वेळी कंपन्यांचे इंजिनिअर नव्या इंजिनांच्या गाड्या इथेच सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळवून बघायचे. बेकायदेशीर, अर्थातच.

जीटीओची गोष्ट तुम्हाला आवडेल. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतलं होतं, आणि मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचाहून मोठं इंजिन घालायचं नाही असा त्यांचा आतला नियम होता. त्यांच्याच पाँटिअॅक विभागाचे मुख्य इंजिनिअर होते जॉन डिलोरियन. त्यांच्या माणसांनी नियमातली फट शोधली: नियम होता मॉडेलसाठी, जादा पैसे देऊन घ्यायच्या सामानाबद्दल त्यात काही म्हटलं नव्हतं. मग टेम्पेस्ट नावाच्या साध्या गाडीवर ३८९ चं इंजिन 'ऑप्शन' म्हणून चढवलं. पहिल्याच वर्षी अशा बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या, आणि नियम गुंडाळून ठेवावा लागला. मग सगळ्याच कंपन्या मागे लागल्या. शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल, ४५४ घनइंचाची, तर ४५० हॉर्सपॉवरवर गेली. चाकांना बऱ्याचदा ड्रमचेच ब्रेक! एवढी गाडी पळवायची आणि थांबवायची कशाच्या जोरावर, हा विचार मागाहून. १९७२ मध्ये या देशात रस्त्यांवर चोपन्न हजारांहून जास्त माणसं मेली. सगळी काही या गाड्यांनी मेली नाहीत, पण जत्रेत हा आकडा कुणी काढत नाही, म्हणून मी काढते. आमच्या ह्यांना ते आवडत नाही.

शेजारच्या आजोबांबद्दल मागे बोलले होते ना, ते पंचाहत्तरी उलटलेले? त्यांच्याकडे १९७० ची चॅलेंजर आहे, ३८३ चं इंजिन. लिटरला चार-पाच किलोमीटर देते. महिन्यातून दोनदा बाहेर निघते, बाकी वेळ पांघरुणाखाली. तिचे व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्या, त्यांनी कडक धातूचे बसवून घेतलेत, कारण ती इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची आणि शिसं गेल्यावर सीट झिजायला लागतात. आपल्याकडे २००० साली शिसं गेलं तेव्हा तुम्ही गावातल्या जुन्या फियाटवाल्यांना हेच समजावत होतात, ते आठवलं. रोज दुकानात जायला आजोबांकडे छोटी जपानी गाडी आहे. बघितलं की मला आपल्याकडचे खिलार बैल आठवतात. शेताला ट्रॅक्टर आहे, पेरणीला बैल लागत नाही, तरी गोठ्यात खिलारांची जोडी, बेंदराला शिंगं रंगवायला आणि शर्यतीत पळवायला. २०१४ ला शर्यतींवर बंदी आली तेव्हा गावात सुतक लागल्यासारखं झालं होतं, आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर तुम्हीच गुलाल घेऊन आलात. आजोबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, बैलांना दिवसाचा खुराक किती लागतो!

पण नाना, माझा मुद्दा जरा वेगळा आहे. २०२३ साली इथल्या लोकांनी ज्या गाड्यांसाठी टिपं गाळली, त्या मुळातल्या नव्हत्याच. मूळच्या पन्नास वर्षांपूर्वीच गेल्या. १९७० ला हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, विमा कंपन्यांनी तरुण पोरांचे हप्ते वाढवले, १९७१ पासून इंजिनांचं काँप्रेशन कमी करत आणलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरबांनी तेल अडवलं. १९७४ ला चॅलेंजर बंद झाली, आणि त्या वर्षीच्या मस्टँगमध्ये तर व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, मिळतच नव्हतं. म्हणजे खरा काळ जेमतेम दहा वर्षांचा. पुढे २००५ ची मस्टँग, २००८ ची चॅलेंजर, २०१० ची कॅमेरो आल्या, त्या जुन्यांचा तोंडवळा समोर ठेवून काढलेल्या. तेव्हा अठरा वर्षांची असलेली पोरं आता पन्नाशी-साठीला आली होती आणि हातात पैसा होता. शेवटची शेवटची चॅलेंजर, डेमन १७० नावाची, तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर १०२५ हॉर्सपॉवर द्यायची. जुन्यातली एकही तिच्या जवळपास फिरकली नसती. म्हणून मी म्हणते, २०२३ ला बंद झाली ती आठवणींची दुसरी आवृत्ती. तिच्यासाठी मला फारसं वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते आवाजाचं. आणि हे मी माझ्या धंद्यामुळे म्हणत असेन.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे: गाडीत बसलेल्या माणसाला काय ऐकू यावं आणि काय येऊ नये, ते ठरवणं. व्ही-एटचा आवाज तसा का, हे मी नोकरीत शिकले, पण ते तुम्हाला माझ्याआधी समजलं असतं. आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन रांगा. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दर ९० अंश फिरला की एक पेटतो, त्यामुळे सगळे मिळून ताल सरळ. पण समोरून पाहिलं तर अमेरिकन व्ही-एटचा क्रँक फुलीसारखा दिसतो, आणि म्हणून एकाच रांगेतल्या चौघांची अंतरं सारखी पडत नाहीत: ९०, १८०, २७०, मग १८०. डॉज ज्या कंपनीची, त्या क्रायस्लरचा पेटायचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. बघा, आठनंतर लगेच चार, दोघेही उजवीकडचे. पुढे पाचनंतर सात, दोघेही डावीकडचे. प्रत्येक रांगेचा धूर आपापल्या सायलेन्सरमधून निघाला की तो अडखळत घुमणारा आवाज येतो. त्यात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम असा घातलेला की दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहावेत. वरच्या स्पीडला त्याने ताकद मिळते, पण आयडलिंगला गाडी उभ्या जागी थरथरते. या दोन कारणांतून तो आवाज येतो, मुद्दाम कुणी काही केलेलं नाही. कारण बदललं की आवाज बदलतो.

तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावायचात आणि सांगायचात, "तिसऱ्याचा टॅपेट ढिला आहे." उघडून बघितलं तर तिसऱ्याचाच असायचा. आजोबाही तेच करतात, फक्त त्यांच्याकडे रबरी नळीचा तुकडा आहे.

आता डॉजने नवी चार्जर काढलीय, विजेवरची, अडीच टनांहून जड. विजेची मोटर ती, शांतच. म्हणून तिला मागे स्पीकरसारखी यंत्रणा आणि पोकळ्या बसवून सायलेन्सरचा आवाज काढलाय, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १२६ डेसिबलपर्यंत. माझ्या ऑफिसात यावर पुष्कळ हसून झालं. मी हसले नाही, कारण हे काम जवळजवळ माझंच आहे. ताशी तीस किलोमीटरच्या आत विजेच्या गाड्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी काहीतरी आवाज करायला हवा असा इथे नियमच आहे, आणि तो रास्त आहे. आंधळ्या माणसाला मागून आलेली गाडी कळायला हवी ना. त्या आवाजाला काम आहे. चार्जरच्या आवाजाला ते नाही. तो कितीही हुबेहूब काढला तरी कान लावून त्यातून तुम्हाला मोटारीबद्दल काही कळणार नाही. बेअरिंग गेलं तरी स्पीकर तसाच गुरगुरत राहील. माझी तक्रार एवढीच. आजोबांना मी ती गाडी दाखवायला नेलं होतं. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, आत पाहिलं, आणि विक्रेत्याचे आभार मानून बाहेर आले.

वारं पुन्हा फिरतंय तेही सांगते. विजेच्या गाडीवर सरकार कराची साडेसात हजार डॉलरची सूट द्यायचं, ती ३० सप्टेंबर २०२५ पर्यंतच. चार्जरमध्ये सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही देणार आहेत, आणि रॅमच्या पिकअपमध्ये बंद केलेलं हेमी नावाचं व्ही-एट परत आणायचं जूनमध्ये जाहीर झालंय. जत्रेत लोक जिंकल्यासारखे बोलत होते. मला नाही वाटत हे टिकेल. चीनमधून येणाऱ्या विजेच्या गाड्या कराच्या भिंतीने अडवल्यात, पण भिंतीपलीकडे काय चाललंय ते कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या पोरींना पहिली गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा त्या मला व्ही-एट मागणार नाहीत. आणि लिटरला पाच किलोमीटरवाली मागितली तरी मी घेऊन देणार नाही.

एक जागा मात्र तुम्हाला दाखवायला हवी होती. आजोबांची चॅलेंजर बनली ती हॅमट्रॅमकच्या 'डॉज मेन' कारखान्यात. तरुणपणी ते तिथेच कामाला होते. जानेवारी १९८० मध्ये तो बंद झाला, पाडला, आणि त्या जमिनीवर जनरल मोटर्सने नवा कारखाना उभारला. आता तिथे विजेवरच्या हमर बनतात. त्या कारखान्यासाठी आजूबाजूची पोलिश लोकांची वस्तीही उठवली, घरं, दुकानं, चर्चसकट. मी त्यांना कुर्ल्याची गोष्ट सांगितली: प्रीमियरच्या आवारात आता टॉवर उभे आहेत आणि कंपनीचं नाव रस्त्याच्या पाटीवर उरलंय. त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते कुर्ल्यात एकेकाळी डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जायच्या याचं. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार केला, १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, हे मी सांगितलं. पुढे ट्रकही बनायचे म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ बसले, आणि त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत.

ती तुमच्याकडे आहेत. म्हणून हे काम तुमचं: तुम्ही ट्रकच्या शेडमध्ये होतात त्या वर्षांत कोणते सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि कोणते आपल्याकडे ओतले जायचे? ब्लॉक कुठे मशीन व्हायचा? तुमचे गेज इंचात होते की मिलिमीटरमध्ये? हे सगळं तुमच्या अक्षरात लिहून पाठवा, मी इंग्रजी करून देईन. गेटवरचा तुमचा तो ग्रुप फोटोही कुणाकडून तरी नीट स्कॅन करून घ्या. नुसता मोबाइलने काढलात तर काचेवर बल्बच दिसतो.

पुढच्या बुधवारी गणपती. मखर उचलायला शेजारच्या पोरांना बोलवा, कमरेचं लक्षात आहे ना? आईला नमस्कार. दोघी मुलींचा तुम्हाला पापा.

तुमची लेक