साखर पेठेतल्या भाकरीवाल्या मावशींना

मावशी, सा. न. वि. वि.

तुमची सून मोबाईलवरून वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहितो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी पुण्यात अडकलो आणि आई सोलापुरात एकटी. फोनवर रोजचं उत्तर ठरलेलं, "झालं की जेवण." जेवण म्हणजे चहात बुडवलेली खारी, हे तुम्ही शोधून काढलंत. कवळी मोडलेली, दातांचे दवाखाने बंद. कडक भाकरी नि शेंगा चावणार कशानं? सिद्धेश्वर तळ्यापर्यंतचा सकाळचा फेराही थांबलेला. "आजारी न्हाईत, पण बांगड्या कोपरापतूर सरकाय लागल्यात," असा तुमचा फोन आला. वजनकाट्यानं नंतर तेच सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, नकळत वजन उतरणं, पकड सैल होणं, चाल मंदावणं, सततचा थकवा, हालचाल कमी होणं, या पाचांतली तीन लक्षणं दिसली की म्हातारं माणूस खचू लागलंय असं धरायचं. म्हाताऱ्यांना काय, दोन घास पुरे, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. उलट त्या वयात प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) खारीतून ती कुठून येणार?

हॉटेलांच्या ऑर्डरी बंद पडल्या, तरी तुम्ही रोज दुपारी आईसाठी कडक भाकरी तुरीच्या आमटीत कुस्करून पार मऊ होऊ द्यायचात. शेंगाचटणी पुन्हा खलबत्त्यात घालून, दह्यात कालवून द्यायचात. ज्वारीत जे लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी पडतं ते डाळ भरून काढते, हे मला डॉक्टरांकडून कळलं. तुमच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं.

आणि डबा ठेवून तुम्ही कधी निघून गेला नाहीत. तोंडाला पदर बांधून जिन्यात बसायचात, आई दारात. "ताट रिकामं झाल्याबिगर मी उठत न्हाई." वर खुर्चीचे हात न धरता उठबस करायला लावायचात, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून! आई माझ्याकडे तुमच्या तक्रारी करायची. त्या तक्रारींचा आवाज दर आठवड्याला चढत गेला आणि मला इकडे झोप लागू लागली.

मनापासून आभार, मावशी. पैशांचं काढलं की तुम्ही फोन ठेवता. दिवाळीला येतोय, निदान शेंगांचा हिशोब तरी काढून ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा