अलिबागच्या वेधशाळेतल्या काकांस

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही, अशी तुमची अट होती, ती पाळते. पण चुंबकीय वेधशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ शिकवायला आले आणि रिक्षाचं भाडंसुद्धा घेईनात, एवढं तरी चारचौघांत सांगू द्या.

आमच्या कपाटातला पट्टी चुंबक टाचणीही उचलत नव्हता. तुम्ही नेमका तोच हातात घेतलात. चुंबकाच्या आत अणूंचे गट असतात, प्रत्येक गट एक छोटा चुंबक. सगळ्यांची तोंडं एकीकडे असतील तोवर ताकद, आपटून किंवा तापवून ती विस्कटली की संपलं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचा चुंबक राहतच नाही. आणि मग तुमचा प्रश्न : पृथ्वीच्या गाभ्यात हजारो अंश तापमान आहे, तर पुस्तकातल्या चित्रात तिच्या पोटात काढलेला पट्टी चुंबक टिकतो कसा?

वर्ग गप्प. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, दाभण काढलंत. मधोमध दोरा बांधून ते अगदी आडवं तोलून धरलंत. मग चुंबकाच्या एका टोकाने, एकाच दिशेने, ते घासलंत आणि पुन्हा टांगलंत. दाभण उत्तर-दक्षिण वळलं हे अपेक्षितच होतं. पण त्याचं उत्तरेकडचं टोक खाली झुकलं! ‘वजन वाढलं का?’ असं एकाने विचारलं, तेव्हा तुम्ही हसलात तेवढेच. बलरेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा, आपल्याकडे जमिनीला समांतर नसतात, उत्तरेकडे खाली शिरतात. अलिबागला साधारण पंचवीस अंशांनी, ध्रुवाजवळ जवळजवळ सरळ खाली. फळ्यावरच्या सपाट चित्रातून हे मुलांना कधीच दिसलं नसतं.

गाभ्याचं उत्तर ट्रॅममधून आलं, हे मला सगळ्यात आवडलं. तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची हलते, हे १८२० साली ओर्स्टेड यांनी पाहिलं, एवढं पाठ्यपुस्तकात आहेच. पण त्याच कारणाने कुलाब्याच्या वेधशाळेला मुंबई सोडावी लागली, ते कुठे कोण सांगतं? तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर डॉ. नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पोरबंदरचा पारखून घेतलेला दगड, कड्या-बिजागऱ्या पितळ-तांब्याच्या, लोखंड वर्ज्य. दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी जुळवून मगच कुलाब्याचं काम थांबवलं. ट्रॅम धावली १९०७ मध्ये.

वीज वाहिली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे पटल्यावर गाभा अवघड राहिला नाही. सुमारे २,९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्यातून विद्युतधारा वाहतात, त्या हे क्षेत्र टिकवून ठेवतात. चित्रातला पट्टी चुंबक फक्त बाहेरच्या बलरेषांचा आकार कळावा म्हणून. त्यातही त्याचं दक्षिण टोक भौगोलिक उत्तरेकडे काढायचं, नाहीतर सूचीचं उत्तर टोक तिकडे ओढलंच जाणार नाही. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथे.

२ सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात कुलाब्याच्या नोंदीत क्षैतिज क्षेत्र (पृथ्वीच्या क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग) सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलं होतं, हा आकडा मुलांनी वहीत चौकट करून लिहिलाय. अलिबागला ते क्षेत्र ३८,००० च्या आसपास, म्हणजे चार टक्क्यांची घसरण. तशी ती फ्रिजवरच्या चुंबकापुढे काहीच नाही. पण फ्रिजच्या चुंबकाचा जोर दोन बोटांवर संपतो, हे तुम्हीच दाखवलंत.

दाभण प्रयोगशाळेत टांगून ठेवलंय. त्याच्याजवळ स्टीलचा डबा नेऊन मुलं रोज कोणाची तरी गंमत करतात. त्यांचा एक प्रश्न सोबत पाठवते : चंद्रावर हे दाभण कुठे वळेल? मला उत्तर ठाऊक आहे, पण त्यांना ते तुमच्याकडून हवंय. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कोणताही शनिवार चालेल. या वेळी रिक्षाचे पैसे मात्र आम्ही देणार.

आपली नम्र,
दहावीची विज्ञान शिक्षिका