म्युनिकहून पत्र : भांडी आणि बाकी सगळं

म्युनिक,
रविवार दुपार

ती. आजी, आई आणि बाबा यांस,
शि. सा. न.

फोनवर रोज बोलतोच, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण फोनवर आजीला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या सोयीचं करून तिला सांगते. म्हणून या वेळी कागदावर. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवायचं. शेवटचं पान मात्र आधी आई-बाबांनी आतल्या खोलीत वाचावं.

तब्येत ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. जाड कोट घेतला आहे. व्हिडिओ कॉलवर मी वाळलेली दिसते ती कॅमेऱ्यामुळे. ऑफिस, ट्रेन, सुपरमार्केट हे सगळं तुम्हाला पाठ झालंय, ते परत लिहीत नाही.

आई, दमून आल्यावर भांडी कोण घासतं असं तू विचारलंस, मी 'मशीन' म्हटलं आणि तू गप्प झालीस. तुझ्या त्या गप्प बसण्यात काय काय होतं ते मला कळलं. खरकटं रात्रभर तसंच राहत असेल, पाणी वाहत असेल, आणि घरमालकीणबाईंची मांसाची भांडी त्यातच जात असतील. सगळ्याची उत्तरं देते. पण आधी ते मशीन भरतात कसं हे सांगते, त्याशिवाय तुम्हाला या देशाची कल्पनाच यायची नाही.

घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मुलगा हाम्बुर्गला, ईस्टरला आणि ख्रिसमसला येतो. मी जेवून भांडी आत लावते. पाच मिनिटांनी बाई येतात, दार उघडतात, चकार शब्द न काढता मी लावलेलं सगळं बाहेर काढतात आणि नव्याने लावतात. मला आधी वाटलं रागावल्या. रागबिग काही नसतो. ऑफिसच्या किचनमध्येही हेच चालतं. कुणीतरी कप ठेवून जातं, दुसरं कुणीतरी येऊन तो अर्धा वीत सरकवतं. एकमेकांचा पगार किंवा लग्न विचारणार नाहीत, पण दुसऱ्याने ठेवलेली बशी हलवायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाबा, यामागचं कारण तुम्हाला आवडेल. हे यंत्र कामाला येईल असं पहिल्यांदा बनवलं ते अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईने, 1886 मध्ये पेटंट घेऊन. नोकरांच्या हातून तिच्या महागड्या बशांचे टवके उडत होते. तिने घासणीच काढून टाकली. तारेच्या खणांत भांडी जागच्या जागी अडकवायची आणि जोराचं पाणी त्यांच्यावर मारायचं. आजही तत्त्व तेच आहे. आत हात नाही, चोथा नाही, फक्त पाणी उडवणारे दोन-तीन दांडे गरगर फिरतात. जिथे पाणी पोचणार नाही तिथलं खरकटं तसंच राहणार. म्हणून ताटल्या खालच्या खणात, तोंड मधल्या बाजूला करून, एकमेकींना न चिकटता. कप आणि ग्लास वरच्या खणात, उपडे आणि थोडे तिरके, नाहीतर बुडाच्या खळग्यात पाणी साचतं. प्लास्टिकचे डबे वर, कारण पाणी तापवणारा भाग खाली असतो. चमचे एकाच्या कुशीत दुसरा असे कधीच नाही. सुऱ्या टोक खाली करून. आणि दार लावायच्या आधी बाई बोटाने दांडा फिरवून बघतात, कुठे अडकत तर नाही ना. त्याशिवाय बटण दाबायचं नाही.

यात आपली भांडी बसत नाहीत, ही खरी अडचण. तू दिलेलं स्टीलचं मोठं ताट उभं केलं की साबणाच्या वडीचा खण उघडायलाच जागा राहत नाही. दांडा फिरत राहतो, वडी आतच, आणि तीन तासांनी सगळी भांडी गरम आणि तेलकट. वाट्यांचं तर विचारूच नको. ऑफिसमधला एक जण, नागपूरचा, इथे जेवायला आला होता. उठून स्वतःहून भांडी लावायला गेला हे कौतुकाचं, पण सगळ्या वाट्या उताण्या. बाईंनी दार उघडून त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा एकेक वाटी उपडी करत बसला. पुढच्या वेळी मात्र न सांगता बरोबर लावल्या.

भांडी आधी विसळायची नाहीत, फक्त खरकटं काढून टाकायचं. हे माझ्या हाताला अजून पटत नाही. पण त्या वडीतली काही द्रव्यं भाताची चिकटलेली शितं आणि डाळीचा थर फोडतात. ते काम सावकाश होतं, म्हणून 50 अंशांचा काटकसरीचा प्रोग्रॅम तीन तासांहून जास्त चालतो. आई, त्यामुळे खरकटं रात्रभर पडून राहत नाही, रात्रभर धुतलं जातं असं म्हण. तळाशी एक गाळणी असते, ती मी दर आठवड्याला काढून धुते. त्यात काय सापडतं सांगू? फोडणीतली मोहरी आणि कढीपत्त्याचे देठ. बाईंनी पहिल्यांदा ते काळे दाणे बघितले तेव्हा त्यांना किड्यांची अंडी वाटली. मोहरी म्हटल्यावर चेहरा उजळला, कारण इथे पांढऱ्या सॉसेजबरोबर मोहरीचीच गोड चटणी खातात.

आजी, आता तुझ्यासाठी. या मशीनला मीठ घालावं लागतं. चवीला नाही गं! म्युनिकचं पाणी डोंगराच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून येतं, 1883 पासून. नळाचं तसंच पितात, चव छान, पण क्षार भरपूर. आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो ना, तोच इथे ग्लासांवर चढला असता. मशीनच्या तळाशी एक डबी असते, तिच्यात जाड मीठ भरतात. मशीनमधले बारीक मणी पाण्यातले क्षार धरून ठेवतात, आणि मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा साफ होतात. मीठ भांड्यांना लागत नाही, त्यामुळे माझा चहा खारट होत नाही. आपलं खायचं मीठ चालत नाही, त्याची पिशवी वेगळी मिळते. सोलापूरहून पाठवू नकोस.

पाण्याचं म्हणशील तर पूर्ण भरलेलं मशीन साधारण 10 लिटरमध्ये आटपतं. बॉन विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना 12 माणसांची भांडी हाताने घासायला लावून पाणी मोजलं होतं. सरासरी 100 लिटरच्या आसपास भरली. ते आईला भेटलेले नाहीत. जिथे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथे पंगतीची भांडी दोन बादल्यांत निघतात, आणि तेच पाणी पुढे तुळशीला नाही तरी अंगणाला जातं. हे मी बाईंना सांगितलं. त्यांना खोटं वाटलं. येऊन बघा म्हटलं.

राहिलं मांसाचं. तवा, कढई, पितळी पातेलं आणि कुकर मी हातानेच धुते, ती कधीच आत जात नाहीत. लोखंड गंजतं, पितळ काळवंडतं, कुकर ॲल्युमिनियमचा, तो या साबणाने करडा पडतो. म्हणजे माझा स्वयंपाक ज्यात होतो ती भांडी वेगळीच आहेत. ताटल्या-चमचे एकत्र जातात. पण मी 70 अंशांचा प्रोग्रॅम लावते, बाई वीज जास्त जाते म्हणून कुरकुरतात तरी लावते. एका घरात राहून मी याहून जास्त काय करू, सांगा. खोली चांगली आहे, भाडं परवडतं, ऑफिस जवळ आहे, आणि मला ताप आला तेव्हा याच बाईंनी दारात सूप आणून ठेवलं होतं. भाज्यांचं होतं, विचारून घेतलं.

(इथून पुढे आतल्या खोलीत.)

आई, मावशींनी काम सोडल्यापासून तू स्वतः भांडी घासतेस हे मला दादाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही त्यानेच सांगितलं. मी इथे बटण दाबून गादीवर पडते आणि तू ओट्याशी उभी, हे डोक्यातून जात नाही, म्हणून मघापासून भांड्यांवर एवढं लिहितेय असं समज. मशीन पाठवू का, असं विचारणार होते. पण पाणी नेमाने येत नाही तिथे त्याचा काय उपयोग, आणि तू त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवशील.

तर बाबा, सोमवारी तुमच्या खात्यात 1 लाख 50 हजार येतील. एफडीत टाकू नका. हे ऑपरेशनचे आहेत. कमी पडले तर लगेच कळवा, माझ्याकडे आहेत. खरंच आहेत. दुसऱ्या मावशी बघा, त्या मागतील तेवढा पगार द्या, दर महिन्याचा मी पाठवते. तारीख माझ्यासाठी अडवू नका. फक्त, डिसेंबरात धरता आली तर मला तीन आठवडे सुट्टी मिळेल, तेवढं डॉक्टरांना विचारून बघा. नाही जमलं तर नाही, मी समजून घेईन.

दादाच्या लग्नाला मी येणार आहे, तिकीट काढलंय. हळदीच्या आदल्या दिवशी पोचते, एवढंच. काकू बोलेल, तिला बोलू द्या.

आणि ते पुण्याचं स्थळ. त्याच्याशी बोलले, मुलगा वाईट नाही. पण नको म्हणून कळवा, आणि त्यांना ताटकळत ठेवू नका. कारण विचाराल, म्हणून लिहिते. तो नागपूरचा, वाट्यांचा. दिवाळीनंतर त्याचे बाबा तुम्हाला फोन करतील. मीच सांगितलंय करा म्हणून. माणसं साधी आहेत, त्याचे बाबा एसटीतून निवृत्त झाले. घरात मटण होतं, सावजी की काय म्हणतात ते, हे आधीच सांगते, नंतर बाहेरून कळायला नको. माझ्यासमोर तो खात नाही. मी तसं म्हटलेलं नाही. बाईंना मी विचारलं होतं हा कसा वाटतो. म्हणाल्या, लावता काही येत नाही, पण सांगितलं की ऐकतो.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं. आई, तू रागावली असशील तर एक दिवस जाऊ दे आणि मग फोन कर. बाबा, तुम्ही लगेच केलात तरी चालेल.

आजीला कुणी आणि कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. सावजीचं सगळ्यात शेवटी.

शेंगाचटणी संपत आली आहे.

तुमची,
सोनू

ता. क. आजी पत्रिका मागणारच. त्याची जन्मवेळ त्याच्या आईला 'गाय दुभायच्या सुमारास' एवढीच आठवते. सकाळची की संध्याकाळची ते विचारायला सांगितलंय.