आभारांच्या शेवटच्या ओळीत

प्रिय मित्रा,

सात महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, याला माझ्याकडे सबब नाही. प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, एवढेच. आजही कदाचित लिहिले नसते, पण परवा वस्तीत जे घडले ते दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो माझी समजूत घालील, आणि ती मला नको आहे.

पाण्याच्या अभ्यासावरचा शोधनिबंध छापून आला. निष्कर्ष आधी वस्तीत वाचून दाखवायचे ही आपली जुनी अट, उशिरा का होईना, पाळली. वाचन संपल्यावर, अभ्यासात आमच्याबरोबर काम केलेल्या मावशींच्या मुलीने पहिल्या पानावरची पाचही नावे मोठ्याने वाचली आणि पाने उलटत गेल्यावर आभारांच्या शेवटच्या ओळीत तिला आईचे नाव सापडले. मावशींनी शांतपणे विचारले, “लेखक कोण, हे कोण ठरवते?” मी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चारही अटी समजावून सांगितल्या: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग मसुदा मला दाखवला होता का?”

दाखवला नव्हता. ‘पाणी उकळता का’ या आमच्या प्रश्नाला घरोघरी ‘हो’ मिळत होते आणि आम्ही टक्केवारी काढून खूश होतो. विचारणाऱ्याला बरे वाटेल असे उत्तर लोक देतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. तरी ‘काल पाणी किती वाजता आले आणि तेव्हा घरात कोण होते, ते विचारा’ हे सांगायला मावशी लागल्या. अभ्यास तिथेच वळला. म्हणजे पहिली अट त्यांनी पूर्ण केली होती, पुढच्या दोन पूर्ण करायची संधी मी दिली नाही, आणि त्या पूर्ण नाहीत म्हणून नाव गाळले. अशी संधी नाकारून कोणाला वगळण्यासाठी या अटी वापरू नयेत, हे त्याच नियमावलीत लिहिलेले आहे. तू ते बोट ठेवून दाखवले होतेस. मी मात्र त्या रात्री तुझ्या आवाजाच्या पट्टीवरच भांडत राहिलो.

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली मांडलेल्या लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर तू मला चौथ्या, म्हणजे लोकांना विचारायचे पण निर्णय आपणच घ्यायचा अशा सल्लामसलतीच्या, पायरीवर बसवले होतेस. वर न चढण्याला आता निदान गुडघ्याचे निमित्त आहे. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, हे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या अल्मा-आटा घोषणेतले कलम मी प्रत्येक अनुदान-प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घालतो. त्याच प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात मावशी प्रवासभत्त्याच्या खालच्या ओळीत असतात.

नाव जोडण्यासाठी संपादकांना लिहिता येते, मात्र सर्व लेखकांची लेखी संमती लागते. तिघे तयार आहेत. चौथा (तोच, तुझा लाडका) विचारतो की माझ्या बढतीच्या समितीपुढे हाच निबंध असताना आताच उपरती कशी झाली, आणि छापलेली दुरुस्ती पाहून समितीला गैरप्रकाराचा वास आला तर काय. त्याचा हेतू काहीही असो, प्रश्न मला झोपू देत नाही. अर्जात वस्तीतली आठ वर्षे ‘समाजकार्य’ या एका ओळीत मावतात आणि निबंध मात्र मोजले जातात. शिवाय, ज्या यंत्रणेच्या पाणी सोडण्याच्या वेळांवर आम्ही टीका केली, तिच्याच हाताखाली मावशी काम करतात. नाव छापले तर चौथ्या अटीतली जबाबदारी त्यांच्याही अंगावर येईल. हे मला सुचायलाही त्यांच्या मुलीचा चेहरा पाहावा लागला.

तुझी बदली झाल्याचे कळले. नवी जागा मानवली असेल असे धरून चालतो, मुलांना आशीर्वाद.

संपादकांना लिहिलेले पत्र सोबत पाठवत आहे. ते काल मावशींना वाचून दाखवले. नाव छापावे की नाही, हे मावशी मुलीशी बोलून रविवारी सांगणार आहेत. तूर्त त्यांनी माझी दोन वाक्ये खोडली आहेत. दोन्हींत त्यांची स्तुती होती.

तुझाच,
चौथ्या पायरीवरचा