फर्ग्युसन ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर परत चढवताना

नाशिक,
५ जानेवारी

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

ट्रॅक्टरचा, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर धुऊन, नवं पॅकिंग घालून तयार आहे आणि रविवारी चढवणार, असं लिहिलंस. चढव, पण अर्धा दिवस मोकळा ठेव. दोन नट आवळायला दहा मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ जातो तो हवा कुठून चोरून शिरतेय हे शोधण्यात, आणि जुन्या फर्ग्युसनचं खरं दुखणं बहुतेकदा तेच असतं.

आधी बॅटरीचं अर्थिंग काढ. मग कार्ब्युरेटर न लावताच पेट्रोलची धार बघ. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत बनलेल्या या गाडीला पेट्रोलचा पंप नाही, टाकीतून उताराने येईल तेवढंच. नळीचं टोक बाटलीत धरून कॉक उघड. दोन मिनिटांत निदान अर्धा लिटर यायला हवं. सुरुवातीला जोरात येऊन धार बारीक होत गेली तर टाकीचं झाकण सैल करून बघ. धार सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने नाही तर रंगाने बुजलेलं आहे. झाकण सैल करूनही धार वाढली नाही, तर कॉकखालची काचेची वाटी आणि जाळी धू. हे न तपासता कार्ब्युरेटर चढवलास, तर लोडवर गाडी दम तोडेल आणि तू पुन्हा जेट खोलत बसशील.

आता फ्लँज, म्हणजे कार्ब्युरेटरची मॅनिफोल्डला (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला) टेकणारी सपाट बाजू. वर्षानुवर्षं नट ओढून ओढून त्याचे दोन्ही कान (बोल्टची टोकं) वाकतात आणि मधे पोकळी राहते. जाड काचेवर २२० नंबरचा एमरी पेपर पसरून फ्लँज हलक्या हाताने घास. चमक सगळीकडे सारखी आली की सपाट झाला. मॅनिफोल्डच्या तोंडावरचं जुनं पॅकिंग खरवडताना आत चिंधी कोंबून ठेव. पॅकिंग एकच, पातळ आणि कोरडं. लाल सिलिकॉन इथे अजिबात लावू नकोस. पेट्रोलने ते मऊ पडतं आणि त्याचे तुकडे आत जातात. नट आलटून पालटून पाव-पाव फेरा, तेही आखूड पान्यानेच. लांब पान्याने कान तुटतो.

बटरफ्लायची, म्हणजे मिश्रण कमी-जास्त सोडणाऱ्या आतल्या झडपेची, दांडी हाताने हलवून बघ. वर-खाली खेळत असेल तर तिथूनही हवा ओढली जाते आणि स्लो (इंजिनचा रिकामा, हळू वेग) कधीच नीट बसत नाही. सातपूरला कुठल्याही लेथवाल्याकडून पितळी बुश करून घे, ती दांडी तशीच चढवू नकोस.

पेट्रोलच्या नळीचा नट आधी दोन-तीन आटे हातानेच फिरव, मग पाना लाव. टेफलॉन टेप नको, तिचे धागे कार्ब्युरेटरात येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या बसणीत अडकतात. रबरी नळी जुनी असेल तर बदलूनच टाक. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

एअर क्लीनरकडून येणारा होज वाकवून भेगा बघ. द्राक्षबागेत धूळ असते, भुरी रोगासाठी मारलेली गंधकाची पूड असते, आणि भेगेतून आलेलं सगळं न गाळता थेट सिलिंडरमध्ये जातं. क्लीनरच्या वाटीत तेल खुणेपर्यंतच भर.

सर्वांत जास्त वेळ गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) रॉडला दे. इंजिन बंद असताना हाताचा थ्रॉटल पूर्ण ओढला की बटरफ्लाय पूर्ण उघडून आपल्या स्टॉपला नुसती टेकली पाहिजे. पूर्ण उघडत नसेल तर ताकद मिळत नाही. वेळेआधीच स्टॉपवर आदळत असेल तर सांध्यांवर ताण येतो. लांबी जमली की लॉकनट आवळ. रॉड कुठे अडकत असेल, तर इंजिन एकसारखं चढ-उतर करतं. अडकलेला रॉड बटरफ्लाय उघडीच धरून ठेवू शकतो आणि इंजिन सुसाट सुटतं, म्हणून पहिल्या स्टार्टला एक माणूस स्विचपाशी उभा कर.

कॉक उघडून पाच मिनिटं थांब. कार्ब्युरेटरच्या खालच्या भोकातून चोक ओढल्यावर दोन-चार थेंब पडतात, ते ठीक. ते भोक बुजवू नकोस. ठिबकणं थांबतच नसेल, तर नीडलखाली कचरा आहे किंवा फ्लोट (आतला पोकळ तरंगता डबा) फुटलाय. फ्लोट गरम पाण्यात बुडव, बुडबुडे आले की फुटका समज.

निफाडच्या या थंडीत चोक पूर्ण ओढ, गिअरचा दांडा ‘एस’वर, म्हणजे स्टार्टच्या खुणेवर, ने. सुरू झाल्यावर दहा मिनिटं तापू दे, त्याआधी स्क्रूला हात लावू नकोस. स्लोचा मिश्रणाचा स्क्रू अलगद आत टेकवून दीड फेरा बाहेर घे आणि तिथून जमव. हा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. आत फिरवलास की मिश्रण जाड होतं. इथेच बहुतेकजण उलटं करतात. थ्रॉटल उघडताना कार्ब्युरेटरमधून फट्‌ फट्‌ आवाज आला तर मिश्रण पातळ, काळा धूर निघाला तर जाड.

शेवटी ब्रशने साबणाचं पाणी फ्लँजच्या सांध्याला लाव. स्प्रे वापरू नकोस, शेजारीच एक्झॉस्ट तापलेला असतो. इंजिनचा आवाज क्षणभर बदलला, तर चोर तिथेच आहे.

रॉड जोडल्यावर एक फोटो पाठव, स्टार्ट मारायच्या आधी.

तुझा,
विलास