पोस्टातले पैसे मोडू नका

पुणे, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले दहा लाख काढून माझे घरकर्ज हलके करावे, असे तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला आणि नंतर दोन रात्री मला त्याचे वाईट वाटत राहिले. कारण निर्णय आधीच झालेला होता, तो तुम्हाला सांगण्याचा धीर मात्र होत नव्हता. ते पैसे मी घेणार नाही.

हा हट्ट वाटू नये म्हणून आधी हिशेब सांगते. त्या ठेवीवर तुम्हाला 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 20,500 रुपये मिळतात. खाते उघडून दोन वर्षे झाली असली, तरी आता मोडल्यास एक टक्का, म्हणजे 10,000 रुपये कापले जातील. इकडे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, एक टक्क्याने उतरवल्यावर माझे कर्ज साडेसात टक्क्यांवर आले आहे. जास्त व्याजाची ठेव मोडून कमी व्याजाचे कर्ज फेडा, असा सल्ला तुम्ही दुसऱ्या कोणाला कधी दिला असता का?

कर्जाकडे माझे दुर्लक्ष मुळीच नाही. 2019 मध्ये तीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 26,035 रुपयांचा पहिला हप्ता गेला, त्यातले 21,250 नुसते व्याजाचे होते. ते पाहून मलाही धडकीच भरली होती. म्हणून दर दिवाळीला एक जादा हप्ता मुद्दलात भरते, दर उतरला तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, आणि कर्जाइतका विमाही उतरवला आहे. तरत्या, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, त्यामुळे पुढेही हाती येईल तसे भरता येईल. आईच्या गुडघ्याला मात्र अशी सवलत नाही.

तुमची ती हिरवी वही आणि फेडलेल्या प्रत्येक हप्त्यापुढची लाल पेन्सिलीची खूण मला अजून दिसते. नंदनवनचे घर तुम्ही चार वर्षे आधी सोडवलेत. त्याच छपराखाली आम्ही दोघे शिकलो, त्यामुळे त्याला नावे ठेवणारी मी कोण? पण कन्याकुमारीला जाणाऱ्या हिमसागर एक्सप्रेसची परत केलेली तिकिटेही मला आठवतात. आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही इथे एवढाच काढते.

यंदाच्या बोनसातला निम्मा भाग मुद्दलात गेला. उरलेल्यातून डिसेंबरअखेरची कन्याकुमारीची तिकिटे काढली आहेत, तुम्हा दोघांना खालचे बर्थ मिळाले आहेत. आई, शिलास्मारकाच्या बोटीत चढणे जमले नाही, तर आपण दोघी किनाऱ्यावर बसू. तिथून ते दिसते.

फेब्रुवारीत मी येऊन तुमच्या खोलीत एसी बसवून देईन. मे महिन्यात कूलरसमोर आपण चौघे ओळीने झोपायचो, तेव्हा हवा पोहोचत नाही अशा टोकाला तुम्ही झोपायचात आणि विचारले की ‘मला लागते आहे’ म्हणायचात, बाबा. तेव्हा मला ते खरेच वाटायचे.

आता ऐका. स्टुलावर चढून कूलर भरणे यापुढे बंद. एसी बसला की बिलाच्या भीतीने रात्री बारा वाजता तो बंद करायचा नाही, बिल माझ्या खात्यातून जाईल. आई, व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना ‘पाहुणे आलेत’ सांगून परत पाठवणे थांबव. गेल्या महिन्यात तीनदा पाहुणे आले होते म्हणे. प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या तूच कर, पण कणीक बाबांना मळू दे.

तुमची,
मोठी

ता. क. बाबा, पोस्टाचे पासबुक तुम्ही पिशवीत काढून ठेवले आहे, हे आईने मला सांगितले. ते पुन्हा कपाटात ठेवा.